सपाट न बसणारी गोधडी

मला वाकडं खपत नाही. घरातली माणसं याला माझा स्वभाव म्हणतात, मी धंद्याची गरज म्हणते. मसोलीत आमच्या घराच्या पुढच्या पडवीत गोधड्या शिवायचं मशीन आहे. साधं शिलाई मशीन नव्हे. पडवीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी फ्रेम, तिला दोन लांब रोलर आणि वर रुळांवरून फिरणारं मशीनचं डोकं. रोलरवर आधी अस्तर ताणायचं, त्यावर कापसाचा थर, त्यावर गिऱ्हाइकाने तुकडे जोडून आणलेला वरचा पट, आणि मग दोन्ही मुठी धरून ते डोकं कापडावरून चालवायचं. सुरतेकडचा एक कारखाना बंद झाला तेव्हा हे जुनं मशीन आम्ही आणलं. ते आत घ्यायला पडवीची जाळी काढावी लागली होती. शेजारीण तेव्हा म्हणाली होती की आता ही बाई आगगाडी चालवणार.

मशीनला नखरे नाहीत, पण त्याची एक अट आहे. कापड सपाट पाहिजे. कापड जरा कुठे उचललेलं असलं की मशीनचा पाय त्यात अडकतो, कापड पुढे ढकलतो आणि बघता बघता एक जाडजूड सुरकुती कायमची शिवली जाते. त्यामुळे येणारा प्रत्येक पट मी आधी टेबलावर पसरते आणि त्याच्याकडे संशयाने बघते. नवरा दागिन्यांचे डाय, म्हणजे लोखंडी ठसे, कोरतो. आमच्या पट्ट्यात हे काम बऱ्याच घरांत चालतं. तो भिंगातून केसाएवढा फरक शोधतो, मी नुसत्या डोळ्यांनी शोधते. जेवायला बसलो आणि ताट पाटाला तिरकं असलं की आमचे दोघांचेही हात एकदम पुढे जातात. मुलांनी आमच्यावर हसून घेतलंय.

गिऱ्हाइकांचे पट क्वचितच सपाट येतात. चिकूच्या वाडीवाल्या बायका दुपारी निवांत बसून जुन्या साड्यांचे तुकडे जोडतात, हौसेने आणतात, आणि मी तो पसरला की त्यांचा चेहरा पडतो. कडेच्या पट्ट्या ओढून शिवल्या की मधे पोट सुटतं. ढिल्या शिवल्या की कडा झालरीसारख्या नाचतात. यातला काही झोळ वाफेच्या इस्त्रीने जातो, काही जाड कापसात मुरतो, आणि उरलेला मी टक, म्हणजे बारीक चुण्या, घालून गिळून टाकते, टाका दिसूही न देता. सपाट झाली नाही अशी गोधडी माझ्या पडवीतून बाहेर गेली नव्हती, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे.

भातकापणी उरकली होती आणि सकाळी पाणी हाताला गार लागू लागलं होतं, तेव्हा त्या दोघी आल्या. तलासरीकडच्या एका पाड्यावरून जीपने डहाणू रोडला आणि तिथून मसोलीपर्यंत चालत. दोघींनी मिळून एक गाठोडं धरलं होतं, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. मला वाटलं जड असेल. हातात घेतलं तर काहीच वजन नव्हतं. दोघींतली एकही सोडायला तयार नव्हती, एवढंच.

एक चाळिशीकडे झुकलेली, काटक, केस घट्ट बांधलेली, मोजकं बोलणारी. दुसरी तिच्याहून बरीच लहान, बांगड्यांत सेफ्टी पिनांचा घोस अडकवलेली, तोंडाने चुरचुरीत. दोघी सख्ख्या जावा.

"ही एक हाय, हिच्या दोन करा," मोठी म्हणाली.

"एकीच्या दोन कशा करू?"

"मधून कापा. अर्धी तिची, अर्धी माझी. भाव भाव वेगळं झालं. भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या, ही राहिली."

धाकटी लगेच म्हणाली, "मावशी, तिला सांगा, मना पुढल्या आठवड्यात वापीला जायचां हाय. आमच्या माणसाला कंपनीत लावलाय. तवर झाली पाहिजे."

"तिला सांगा म्हणजे? ती तुझ्या शेजारी उभी आहे. मी काय टपाल आहे का?"

धाकटीने तरीही जावेकडे पाहिलं नाही. मोठीनेही पाहिलं नाही. मग मला कळलं की यांचं बोलणं बंद आहे आणि आज दिवसभर मलाच टपाल व्हायचं आहे. माझ्या कपाळावर आठ्या चढल्या. वाटणीच्या भांडणात तिसऱ्या माणसाने हातात कात्री घेऊन उभं राहावं, यासारखं नकोसं काम नाही.

गाठोडं सोडलं आणि पट टेबलावर पसरला. तो पसरलाच नाही. कडा खाली टेकल्या आणि मधला भाग वर उचललेलाच राहिला, पीठ फुगून परातीवरचं झाकण उचललं जावं तसा. मी तळव्याने मधे दाबलं. तिथे बसला, बाजूला उठला. बाजूला दाबलं, तर पलीकडे गेला. इतका झोळ मी आजवर पाहिला नव्हता. अर्धा मीटर कापड नुसतं फुगवट्यात गेलं असेल.

"शिवताना ओढत होता की काय पट्ट्या?" माझा तोल गेला. "सगळी कड आखूड पडली आहे. ही गोधडी आहे की महालक्ष्मीचा डोंगर?"

"माझा हात ओढत नाय," मोठी फणकारली.

"माझा पन नाय," धाकटी म्हणाली. एवढ्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं.

खरं सांगायचं तर कापायच्या कल्पनेने मला बरंच वाटलं होतं. असा फुगवटा अख्खा ठेवून सपाट करणं महाकठीण. पण बरोबर त्याच्यावरून कात्री चालवली की कापलेल्या कडेवर झोळ मोकळा होतो, तिथे चार टक घातले की दोन्ही अर्धुकं मुकाट्याने झोपतात. गिऱ्हाइकाला हवं तेच आणि मशीनलाही हवं तेच. मी खडू घेतला आणि मध्य शोधू लागले.

मध्य सापडेना. घडी घालून बघावं म्हणून मी त्यांना म्हटलं, आपापली कड धरा. धरल्या आणि दोघींनी ओढल्या. फुगवटा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. खडूची खूण केली तर हात उचलताच कापड हललं आणि खूण उतारावरून खाली गेली. "सोडा!" मी ओरडले. "कापड आहे ते, रस्सीखेच नाही." दोघींनी सोडलं. मग मी पडवीच्या उजेडाकडे पट फिरवला आणि चष्मा लावून खाली वाकले, कारण मला आता त्या पटाचा राग आला होता आणि चूक कुठे झाली ते शोधून काढायचंच होतं.

मधोमध एक जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याच्या चहूबाजूंनी पट्ट्या जोडत नेल्या होत्या. लुंगीचे चौकडे, शाळेच्या गणवेशाचा निळा, कुठल्याशा मांडवाचा झिरमिळ्या गेलेला पिवळा तुकडा, झंपरच्या पाठी. टाके बारीक आणि एकसारखे. एका बाजूचे टाके उजवीकडे झुकलेले, दुसऱ्या बाजूचे डावीकडे, म्हणजे दोघींतली एक डावखुरी. आणि आता मला खटकायला लागलं. ओढून शिवलेली कड कधी एकसारखी आखूड होत नाही. इथे ओढते, तिथे सुटते, बाईचं लक्ष जाईल तशी. ही मात्र सगळीकडून सारखीच आखूड होती. पहिली पट्टी थोडी, दुसरी तिच्याहून जास्त, मग एकदम सरळ. चूक असेल तर ती फार जपून, फार मन लावून केलेली होती. वीसेक वर्षं मी लोकांचे झोळ बघते आहे, असा शहाणा झोळ बघितला नव्हता.

"शिवलीत कशावर?" मी विचारलं. "चटईवर, मांडीवर, कशावर?"

दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे पाहिलं. मग धाकटी म्हणाली, "पोरांवर."

"म्हणजे?"

"पोरांवर शिवली. पोरं खाली निजलेली."

ज्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन सारखी हलायची, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मसोलीला मांडणीवरची पातेली वाजायची, आम्ही बाहेर यायचो, शेजाऱ्यांशी चार गप्पा मारून परत आत जायचो. तलासरीकडे तेवढ्यावर भागत नव्हतं. खालून आधी आवाज यायचा, दगड भरलेली गाडी जमिनीखालून गेल्यासारखा, आणि मग भिंती हलायच्या.

"भिंतीला अशी चीर पडलेली, हात जाईल एवढी," मोठी सांगू लागली. ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण बोट पटावर होतं. "घरात कोन निजंल? खळ्यात ताडपत्री बांधली, पेंढा टाकला, तिथंच सगळी. थंडी लय व्हती. पोरं निजत नव्हती. जरा हाललां का उठून रडं."

"अंगावर लुगडां टाकलां तं हलकां," धाकटी म्हणाली. "वाऱ्यानं उडून जाय. पोरांना वाटं, आपल्यावर कायच नाय. जड पाहिजे व्हतां कायतरी."

"मंग मी एक तुकडा लावला माझ्या बाजूनं. हिनं हिच्या बाजूनं लावला. जेवणां झाली का बसायचां, एक एक पट्टी लावायची."

मला राहवलं नाही. "पण पोरांच्या अंगावरून काढून का नाही शिवलीत? सकाळी शिवायची, पोरं उठल्यावर."

मोठीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं. "सकाळी वाडीवर कामाला कोन जाईल? आनी रातची काढली तं पोरां जागी. अंगावरून काढायचीच नाय. तिथंच शिवायची. कड गुडघ्याखाली दाबून धरायची, सुई चालवायची."

"गुडघ्याखाली कशाला?"

"वारा शिरायचा नाय ना," धाकटी म्हणाली. "आनी हाललां तं गुडघ्याला पयलां कळं. आवाज यायच्या पन आधी. मंग आमी दोघी दोन बाजूंनी कड अशी दाबून बसायचो. पोरांना वाटं, गोधडीनंच धरून ठेवलांय. गेलां का मंग सुई परत."

मी पटाकडे पाहिलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुस्तकात लिहितात तसा नव्हे, खरोखर, हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले. मधला भाग पोरांवरून वर चढलेला, आणि पट्ट्या मात्र भोवतीच्या जमिनीवर मापून लावलेल्या. कड आखूड पडणारच. ती टेबलासाठी कापलीच नव्हती. मी तासभर जो झोळ दाबत होते, ज्याच्यावर खडू ओढत होते, तो पोरांच्या अंगाचा उंचवटा होता.

"किती पोरं?" मी विचारलं.

"तीन. माझ्या दोघी, हिचा एक."

कोपऱ्यात कापसाच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. मी तीन उचलल्या, पट वर धरला आणि त्या खाली सरकवल्या. मोठी लगेच पुढे आली. "अशी नाय. डोकी त्या अंगाला. घराकडं डोकां करायचां नाय, भिंत पडली तं?" तिने गुंडाळ्या फिरवल्या. मग मधली काढून बाजूला ठेवली. "ही लांब झाली. बारकी द्या. हिचा बारका व्हता. तो मधे, माझ्या दोघी दोन बाजूंनी." मी लहान गुंडाळी दिली. तिने ती मधे ठेवली, जरा खाली ओढली, आणि आम्ही तिघींनी पट सोडला.

तो बसला. कुठे एक लाट नाही, एक सुरकुती नाही. कड चहूबाजूंनी टेबलाला अशी टेकली की खाली पोस्टकार्ड शिरलं नसतं. चारी कोपरे काटकोनात. इस्त्री नाही, टाचणी नाही, ताण नाही. माझ्या लोखंडी फ्रेमवर, दोन्ही रोलर आवळून, इतकं सपाट कापड मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मधे तीन उंचवटे, दोन मोठे आणि त्यांच्या कुशीत एक छोटा. मी चष्मा काढला. पुसला. परत लावला. देवळात जाऊन माझे हात कधी आपणहून जोडले जात नाहीत, घरचे त्यावरूनही मला बोलतात. त्या दिवशी टेबलापाशी मला हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

हात मी कापसाला लावून पाहिला. मला वाटलं होतं ऊब लागेल. एवढी खुळी मी त्या क्षणी झाले होते.

धाकटी टेबलाची कड धरून उभी होती. खाली मान. मोठीने नाक ओढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बरां. आता कापा."

"कापू?"

"भाव भाव बोललेत. सगळां अर्धां अर्धां."

माझा स्वभाव मग आडवा आलाच. मी कात्री उचलून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. "कुठून कापू ते तू सांग. मध्य शोधत होतो ना आपण? सापडला. हा बघ, हा बारका झोपलाय तिथे आहे. डोक्यापासून पायापर्यंत याच्यावरूनच जायला पाहिजे कात्री."

"नको!" धाकटीने दोन्ही हात पटावर टाकले. "नको कापू, मावशी."

मग मोठी मला म्हणाली, "तिला सांगा, तूच ने अख्खी. तुझा पोरगा मधे हाय."

"तिला सांगा, मी नाय नेणार. तिच्या दोघी हायेत."

"तिला सांगा, मना नको."

"अगं बायांनो," मी म्हटलं, "मघापासून ओढत होतात, आता ढकलताय! एकीने तरी घ्या, नाहीतर मी घेते."

माझ्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही. धाकटी जावेकडे वळली. सरळ तिच्याकडे, मी मधे नाही अशी. "मी नेऊन काय करू, बाय? तिकडं जमीन हालत नाय. तिसऱ्या माळ्यावर खोली हाय, पक्की भिंत हाय. हालतां ते इकडं. इकडं तू राहतेस. तुला लागंल."

"राहतां ना मी," मोठी म्हणाली. "मी हायेच इथं. हाललां तरी हायेच. तूच चाललीस. दुसऱ्या बाजूनं आता कोन दाबंल कड?"

तेव्हा मला कळलं की हे भांडण भांड्यांचं नव्हतं आणि कोंबड्यांचं तर नव्हतंच. भाऊ वेगळे झाले ते चुलीवरून झाले असतील, शेतावरून झाले असतील, मला माहीत नाही. या बाईला मात्र एकच गोष्ट डाचत होती. हलणाऱ्या जमिनीवर ती एका बाजूला बसून राहणार होती आणि समोरची जागा रिकामी होणार होती. धाकटीच्या नवऱ्याला नोकरी लागली होती, पोराला शाळा मिळाली होती, आणि खोली खरंच पक्की होती. तिने फक्त जावेच्या खांद्याला चिकटलेला एक दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

गोधडी अख्खी ठेवायची आणि मोठीकडे द्यायची, असं ठरलं. तसं कुणी मोठ्याने म्हणालं नाही. मोठीने कात्री उचलून माझ्या हातात परत दिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी परत या असं सांगून मी त्यांना पाठवलं आणि कामाला लागले. असलं काम मी कधी केलं नव्हतं आणि मला त्याची भीतीही वाटत होती. फ्रेम या गोधडीच्या मधल्या भागाला उपयोगाची नव्हती. कडेच्या पट्ट्यांची सपाट चौकट मशीनवर नीट शिवली गेली असती, पण मधल्या उंचवट्यावर मशीनचा पाय गेला असता तर त्याने पोरं चिरडली असती. मी तेव्हा मनात पोरंच म्हणत होते, उंचवटे नाही. म्हणून अस्तर मी गुंडाळ्यांवर घालून बेतलं. टक घालायचेच होते तर ते अस्तराला घातले, आतल्या अंगाने, कुणाला कधी दिसणार नाहीत असे. जन्मभर मी कापडाचे डोंगर मोडले. अस्तराचा डोंगर मुद्दाम उभा करताना माझ्याच हाताला नवल वाटत होतं. चौकट मशीनने शिवून घेतली आणि मधला भाग हाताने शिवायला तसाच ठेवला.

सकाळच्या जीपने त्या आल्या. मी पडवीत चटई टाकली, त्यावर गोधडी, खाली तीन गुंडाळ्या. मी काही सांगायच्या आधीच मोठी एका बाजूला बसली, धाकटी दुसऱ्या बाजूला. गुडघे कडेवर. सुया मी ओवून देत होते. धाकटी डाव्या हाताने शिवत होती, मोठी उजव्या, आणि दोघींचे हात असे समोरासमोर यायचे की आरशात बघतोय असं वाटावं. बोलणं फारसं नव्हतंच. "दोरा." "इथं घे." "जरा सैल सोड." एवढंच, पण आता ते माझ्यामार्फत नव्हतं.

मसोलीला रेल्वेचा रूळ जवळ आहे. मालगाडी गेली की आमच्या पडवीची फरशी जराशी थरथरते. आम्हाला सवय झाली आहे, कळतही नाही. त्या दिवशी दुपारी एक लांबच लांब मालगाडी गेली. मला गाडी ऐकू यायच्या आधी त्या दोघींच्या सुया थांबल्या. एकाच टाक्यावर, दोघींच्या. सुया कापडात टोचलेल्या राहिल्या आणि चार तळवे कापसाच्या गुंडाळ्यांवर पालथे पडले. गुडघे कडेवर आणखी दाबले गेले. दोघींची मान खाली, नजर कुठेच नाही. मग गाडीचा आवाज आला, वाढला, संपला. चार तळवे उठले आणि सुया पुढे चालू लागल्या.

"गाडी होती," मी म्हटलं.

धाकटी हसली. "कळलां. हात आपलां जातां."

मी सुईत दोरा ओवायला गेले तर मला ओवता येईना. इतकी वर्षं मी हात बघते आहे. शिवणारे, बेतणारे, कोरणारे, केसाएवढी रेघ ओढणारे नवऱ्याचे हातही. कापसाला पोर समजून झाकणारे हात मी पाहिले नव्हते. आणि त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटतही नव्हतं. मोठी मला म्हणाली, "मावशी, सुई द्या ना लवकर, जीप जाईल."

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाजूचे दोन्ही उंचवटे शिवून झाले होते. राहिला होता मधला, छोटा. त्यात कापूस अजून भरायचा होता. मी बघितलं, विचार केला, आणि माझ्यातली शिवणारी बाई पुन्हा जागी झाली. मी मोठीला म्हटलं, "हे बघ, पोरी आता वाढल्या असतील."

"वाढल्या ना. पाय बाहेर येतील. डोकी आत राहतील, बस झालां."

"त्या तुझ्याजवळ आहेत, त्यांच्या जागा ठीक आहेत. पण ही मधली आता रिकामी राहणार. खाली माणूस नसलं की पोकळी राहते, गार वारा शिरतो, पोरींना थंडी वाजेल. म्हणत असशील तर मी मधलं उसवून दोन्ही बाजू जवळ घेते. दोन टक घातले की सपाट होईल. दिसणारसुद्धा नाही."

मी हे अगदी चांगल्या मनाने म्हटलं. धाकटीची सुई थांबली. तिला बोलायचा हक्क आता राहिला नव्हता. गोधडी जावेची होती. धाकटीने टाका अर्धा ओढून तसाच धरून ठेवला.

मोठीने त्या छोट्या उंचवट्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. जावेकडे तिने पाहिलं नाही.

"उसवू नका," ती म्हणाली. "हितं कापूस जरा जास्त घाला. त्याला थंडी लय लागते."

मी उठून कापूस आणला. पिंजलेला, चांगला, वाडीवाल्यांच्या रजयांसाठी राखून ठेवलेला. मुठीमुठीने आत सारत गेले आणि मोठी हाताने चाचपून बघत गेली. ती पुरे म्हणेपर्यंत घालायचं असं मी ठरवलं होतं. ती लवकर पुरे म्हणाली नाही.